दुसऱ्या रांगेतला पाव्हणा

वडवणीला माझी बदली झाली तेव्हा मी खोली शोधत हिंडत होते. पहिल्या घरमालकानं जात विचारली. दुसरीनं विचारलं, नवरा परळीला आणि तुम्ही इथं, असं का. तिसरा मला नुसता वरून खाली न्याहाळत राहिला. मग कळलं, त्याचा जिना लाकडी होता आणि मी अंगानं भरलेली. चौथे हे. दारात खाट टाकून ट्रंपेटच्या नळीत फडकं सारत बसले होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "बाई, तुमचा कुणाशी अबोला हाय का?"

"म्हणजे?"

"मंजी जवळच्या मान्साशी बोलणं बंद हाय, आसं काही?"

मला राग आला. खोलीचा आणि माझ्या नात्यागोत्यांचा काय संबंध? पण रागावलं की माझ्या तोंडून खरं तेच बाहेर पडतं. मी म्हटलं, "आहे. जावेशी आहे. बरीच वर्षं झाली."

त्यांनी ट्रंपेट मांडीवर ठेवलं, माझ्याकडं पहिल्यांदा नीट पाहिलं आणि आत तोंड करून हाक मारली, "अगं, वरल्या खोलीची चावी दे. ह्यांचं बी आपल्यासारखंच हाय."

अशी मी त्यांची भाडेकरू झाले. गावात त्यांना सगळे मास्तर म्हणत. डी.एड. मी केलेलं, हजेरी मी घेणार, पाढे मी पाठ करून घेणार, आणि वडवणीत 'मास्तर' म्हटलं की लोकांचं बोट यांच्या घराकडं. मास्तर म्हणजे बँडमास्तर. लग्नात वाजणारा त्यांचा बँड त्यांच्या वडिलांपासूनचा. घराला लागून एक पत्र्याचा लांबट हॉल होता, त्यात ढोल, ताशे, खुळखुळे आणि खुंट्यांवर लाल कोट. खाली बँड, वर मी. पहिल्या आठवड्यात मी दोनदा सामान बांधलं आणि दोनदा सोडलं.

एकदा चाचणीचे पेपर तपासत होते आणि डोकं ठणकत होतं. खाली तालीम सुरू झाली. मी गॅलरीत येऊन फक्त उभी राहिले. मास्तरांनी वर पाहिलं, हात वर केला, सगळं थांबलं. मला वाटलं झालं, घरी पाठवतील सगळ्यांना. पण ते म्हणाले, "बाईंचं डोकं दुखतंय. बिगर आवाजाचं चालू द्या." आणि अख्खा बँड अंगणात बिनआवाजाचा वाजू लागला. बोटं हलताहेत, गाल फुगताहेत, पाय तालावर पडताहेत, ढोलवाला काठी कातड्यापाशी आणून थांबवतोय. मधेच मास्तर ओरडले, "ए झांज! चुकला बे तू!" झांजवाल्यानं मान खाली घातली. न वाजलेल्या झांजेची चूक त्यांना कशी कळली ते मला आजही माहीत नाही. पेपर बाजूला ठेवून मी ती तालीम शेवटपर्यंत पाहिली.

त्या अंगणातच मला पहिल्यांदा ती जागा दिसली. दुसऱ्या रांगेत, ट्रंपेटच्या मागं, डावीकडून दुसरी. एक माणूस मावेल एवढी मोकळी. चालताना रांग वळली की जागाही वळायची. वाटलं, कुणी आजारी असेल.

मग एका लग्नात बँड भर रस्त्यात पाहिला. आमच्याकडं लग्नाआधी नवरदेव मारुतीला जातो आणि तिथून वाजतगाजत मांडवात येतो, त्याला परण्या म्हणतात. परण्यात पोरं नाचायची, नाचता नाचता बँडमधे घुसायची, आणि नेमकी त्या मोकळ्या जागेत घुसायची, कारण जागा दिसली की माणूस शिरणारच. मास्तर वाजवता वाजवता मागं वळायचे आणि ट्रंपेट तोंडातून न काढता कोपरानं त्या पोराला बाहेर काढायचे. ड्रोनवाला एकदा तक्रार घेऊन आला. "मास्तर, वरून बघितलं तर बँडला भोक पडल्यागत दिसतंय." मास्तर म्हणाले, "भोक न्हाई बे. मान्साची जागा हाय. मानूस भाईर गेलाय."

माणूस बाहेर गेला होता तो शिरूर कासारला. हे मला भाभींनी सांगितलं. भाभी म्हणजे मास्तरांच्या मंडळी. शेवया वाळत घालताना त्यांनी सगळी हकिकत सांगितली. माणूस म्हणजे बँडचा क्लॅरनेटवाला. मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातला. लहानपणी रानात पावा वाजवायचा, तो मास्तरांनी ऐकला आणि त्याला घरी आणून त्याच्या हातात क्लॅरनेट दिलं. दोघं एका ताटात जेवायचे, एका सायकलीवर सुपारी घ्यायला जायचे. बँडची बोलणी ठरली की सुपारी घेतली म्हणतात. "मला सवत असती तर तिचा येवढा तरास झाला नसता," भाभी म्हणाल्या, आणि हसल्या.

मग डीजे आले. ट्रकभर स्पीकर, खिडक्यांच्या काचा थरथरणारे. एका लग्नात मुलाकडचा बँड आणि मुलीकडचा डीजे समोरासमोर आले. डीजेनं आवाज वाढवला. क्लॅरनेटवाल्याला स्वतःचं वाजवलेलं ऐकू येईना. त्यानं वाद्य खाली केलं आणि म्हणाला, "आता आपलं कोण ऐकतंय बे?" आठ दिवसांनी त्यानं येऊन सांगितलं की मेव्हण्याच्या भागीत तो डीजे घेतोय, शिरूरला. मास्तरांनी सगळ्या बँडदेखत त्याला एक वाक्य ऐकवलं. "तुझी लायकी मेंढरं हाकायचीच व्हती, म्या उगं हातात वाद्य दिलं."

त्यानं क्लॅरनेट पेटीत ठेवलं, पेटी मास्तरांच्या पायाशी ठेवली आणि गेला. त्यानंतर दोघांचा शब्द नाही.

मी एकदा मास्तरांना म्हटलं, डीजेनं तुमचा माणूस नेला. ते म्हणाले, "न्हाई बाई. डीजेनं न्हाई नेला. माज्या जिभेनं नेला." मग त्यांनी विषय बदलला आणि वरच्या टाकीत पाणी चढतंय का ते विचारलं.

आता त्या व्हिडिओंबद्दल. ते सांगितल्याशिवाय मास्तर कळायचे नाहीत.

बीडच्या भंगारात ते पितळ बघायला गेले होते. पितळेबरोबर त्यांनी एक जुना डीव्हीडी प्लेअर आणला, लग्नांच्या सीड्या बघायला. घरी येऊन उघडला तर आत एक तबकडी राहून गेलेली. लावली. इंग्रजी गाणी. गोऱ्यांचा एक म्हाताऱ्यांचा बँड, गिटारवाला, ड्रमवाला, आणि पिंजारलेल्या पांढऱ्या केसांचा गाणारा. दुसरा कुणी असता तर त्यानं तबकडी काढून शेतात पाखरं उडवायला टांगली असती. मास्तरांनी खुर्ची पुढं ओढली.

प्लेअरसोबत आलेल्या रिमोटचं एकच बटण चालायचं, मागच्या गाण्यावर जाण्याचं. ते सुरुवातीलाच दाबलं की तबकडी थेट शेवटच्या गाण्यावर जायची. ते संपलं की दोनदा दाबायचं, मग त्याच्या आधीचं. त्यामुळं मास्तरांच्या घरात तो बँड नेहमी उलटा लागला. आधी म्हातारे, मग पोट सुटलेले बाप्ये, मग मिशीवाले जवान आणि सगळ्यात शेवटी काळ्या-पांढऱ्यात कोवळी पोरं.

मास्तर हे एकटे बघत नसत. आमच्याकडं दसरा-दिवाळी झाली की अर्धा बँड कोयता घेऊन ऊसतोडीला जातो. ढोलवाला कोल्हापूरकडं, ताशेवाला कर्नाटकात. कारखाने बंद झाले, ट्रॅक्टर भरून माणसं परत आली की लगीनसराई. सहा महिने पांगलेला बँड पुन्हा गोळा झाला की पहिल्या दिवशी वाद्याला कुणी हात लावायचा नाही. दुपारी सगळ्यांनी हॉलमधे चटईवर बसायचं, भाभींनी केलेला सुशीला, म्हणजे भिजवून फोडणी दिलेले चुरमुरे, खायचा आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत, म्हणजे शेवटापासून पहिल्यापर्यंत, ते व्हिडिओ बघायचे. उसाच्या पाचटानं हात चिरलेली माणसं मांडी घालून गोऱ्या म्हाताऱ्यांकडं बघताहेत, हे मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना.

"बघा," मास्तर म्हणायचे, "दात पडले, केस गेले. पर बँड फुटला न्हाई. आपसात भांडत नसतील का? भांडत आसतील. पर गाणं लागलं की समदे हजर."

एकाही गाण्याचा शब्द कुणाला कळत नव्हता. मला दोन-चार कळायचे, पण मास्तर म्हणाले, "बाई, तुमी खामखा अर्थ सांगू नका, मग मन लागत न्हाई." माणसांना मात्र सगळे ओळखायचे. गाणाऱ्याला त्यांनी नाव दिलं होतं सरपंच, कारण तो सारखा हात वर करून लोकांना काहीतरी बजावायचा. कधीही न हसणारा जाडा गिटारवाला तो मुका. एका व्हिडिओत ते पाणी आटलेल्या पोहण्याच्या तलावात उभं राहून वाजवायचे, ताशेवाला दरवर्षी हळहळायचा, "तिकडं बी दुष्काळ हाय." एकात सगळे बर्फात उघड्या अंगानं. तिथं भाभी तोंडावर पदर घेऊन आत जायच्या आणि गाणं संपेपर्यंत दाराआडून बघायच्या.

आणि शेवटची काळी-पांढरी पोरं ही त्या म्हाताऱ्यांची मुलं आहेत, अशी साऱ्या बँडची खात्री होती. "बघ, सरपंचाचं पोरगं बापावर गेलंय." "मुक्याचं बारकं अजून हसतंय, मोठं झाल्यावर बंद होईल." बापाचा बँड मुलांनी चालवला, याचं सगळ्यांना फार समाधान वाटायचं. रंगीत टीव्ही असून मुलं काळी-पांढरी का, हे कुणाला खटकलं नाही. मला विचारलं असतं तर मी सांगितलं असतं, पण मला कोण विचारतंय.

या सगळ्यात मास्तरांचा जीव एकाच माणसात होता. अर्ध्याहून जास्त गाणी झाली की त्या बँडमधे आणखी एक जण दिसायचा. लांब केसांचा, किडकिडीत, ओठात हसणारा. त्याआधीच्या एकाही व्हिडिओत तो नाही आणि त्याच्यानंतरच्या प्रत्येक व्हिडिओत आहे. त्याला नाव होतं पाव्हणा. तो आला की मास्तर खुर्चीत पुढं सरकायचे. "आला पाव्हणा! आता सरपंचाचं थोबाड बघा. कसं खुललं! आन् मुका, मुक्याकडं बघा." खरंच मुका त्याच्याकडं बघून हसायचा. सगळा हॉल टाळ्या वाजवायचा, दरवर्षी, एखादा जावई पहिल्यांदा घरी यावा तशा.

दुसऱ्या का तिसऱ्या वर्षी मला राहवलं नाही. मास्तरकी अंगात असते ती जात नाही. सगळे गेल्यावर मी म्हटलं, "मास्तर, सरपंचाच्या हनुवटीवर खाच आहे ती त्या पोराच्याही हनुवटीवर आहे. ती मुलं नाहीत, तेच ते आहेत. तुम्ही उलटं लावता. म्हणजे तो पाव्हणा येत नाही, तो..."

"म्हाईत हाय मला," मास्तर म्हणाले.

ते रिमोट फडक्यात गुंडाळत होते. "एकदा ह्यो सापडत नव्हता. प्लेअर सरळ चालला. पोरं व्हती तितून सुरू झालं. पाव्हणा व्हता, व्हता, आन् एका गाण्याला बघतो तर न्हाई. पुढच्याला बी न्हाई. शेवटापत्तुर बघत बसलो, येईल, येईल. न्हाई आला. त्या दिवशी म्या जेवलो न्हाई बाई. तुमच्या भाभीनं इचारलं, कावून जेवत न्हाई? काय सांगू तिला?"

त्यांनी फडक्याला गाठ मारली.

"सरळ लावलं की मानूस जातो. उलटं लावलं की येतो. आपल्या हातात बटण येकच हाय, मग येणाराच बघू की."

झांजवाल्यानं एकदा खिशातून मोबाईल काढून सांगितलं होतं, "मास्तर, ह्याच्यात समदं सापडतं. पाव्हणा मेला का जिता हाय, कावून गेला, समदं." मास्तरांनी त्याचा मोबाईल काढून घेतला आणि कातडं उतरवलेल्या ढोलात टाकला. "ह्या बँडमधल्या कुणी बघायचं न्हाई. बघितलं तर माज्याशी गाठ हाय." मी बँडमधली नाही, शिवाय शिक्षिका आहे, माहिती शोधणं माझा धर्म. तरी मी अजून शोधलेलं नाही. मला त्याचं खरं नाव आणि बँडचं नावही माहीत नाही.

मास्तरांच्या वेडेपणाचं एक टोक अजून राहिलं. तो कोट. क्लॅरनेटवाल्याचा लाल कोट खुंटीवर होता, सोनेरी झालरीसकट. दर सराईआधी सगळ्यांचे कोट धुऊन इस्त्रीला जायचे त्यात तोही जायचा. आणि दरवर्षी मास्तर तो घेऊन मेन रोडच्या टेलरकडं जायचे. "थोडा ढिला कर."

टेलर वैतागायचा. "मास्तर, मापाला मानूस आणा."

"मानूस भाईर गेलाय. आता त्याचं वय काय झालं? ह्या वयात पोट सुटतं. थोडा ढिला कर म्हंतो ना."

किती सुटतं याचा हिशेब त्यांनी व्हिडिओवरून बसवला होता. मुका आणि क्लॅरनेटवाला एका अंगलटीचे. मुक्याचं पोट ज्या वयात जेवढं, तेवढं क्लॅरनेटवाल्याचं. शिवणीतलं कापड संपलं तेव्हा टेलरनं दोन्ही कुशींना नव्या लाल कापडाच्या पट्ट्या घातल्या. जुना लाल फिका, नवा लाल भडक. मी हसले तर मास्तर म्हणाले, "हसा बाई. घट्ट झाला तर त्यो मनात म्हनंल, ह्यांनी मला धरलंच न्हाई."

मी खूप माणसं पाहिली आहेत जी चूक कबूल करतात. आमच्याकडं सभेत उभं राहून कबूल करतात. पण ज्याच्याशी चुकलं त्या माणसाचं माप दरवर्षी वाढवत ठेवणारा दुसरा कुणी मी पाहिला नाही. मला त्या माणसाचं फार कौतुक वाटायचं, आणि रागही यायचा. शिरूर कासार काही विलायतेत नाही, एसटीत बसलं की झालं. मी तसं म्हटलंही. ते म्हणाले, "तुमची जाऊ कुठं ऱ्हाती?" मी म्हटलं, अंबाजोगाईला. "मग?" म्हणाले. मी वर निघून आले.

मग एका वर्षी चैत्रात एक बाई एसटीनं आली. उन्हानं लाल झालेली, हातात पिशवी. भाभी तिला पाहून जागच्या उठल्या. क्लॅरनेटवाल्याची बायको. पाणी पिऊन तिनं पिशवीतून खरीखुरी सुपारी काढून खाटेवर ठेवली, वर हळदकुंकू लावलेलं.

"पोरीचं लगीन धरलंय," ती म्हणाली. "ह्यांनी सांगितलंय, पोरीला डीजेवर न्हाई वाटं लावायचं. बँड पायजे."

मी जिन्यात उभी होते. मास्तरांनी सुपारीकडं पाहिलं. मग त्यांनी घसा साफ केला आणि धंद्याच्या आवाजात विचारलं, "किती मान्सांचा बँड पायजे?"

"जेवढा व्हता तेवढा," ती म्हणाली.

ती गेल्यावर मास्तरांनी सुपारी उचलली आणि कोटाच्या खिशात ठेवली. त्यांच्या नव्हे, पट्ट्यांच्या कोटाच्या. मग टेलरकडं गेले आणि आणखी ढिला करून आणला.

लग्नाला मीही गेले, भाभींबरोबर. शाळेला सुट्टी होती. नसती तरी गेले असते. वाटभर भाभींचं एकच, "त्यो उभा राहील का हो त्या जागंवर? नवरीचा बाप हाय. कसा राहील? न्हाई राहिला तर ह्यांचं काय करू मी?" बँडची माणसं टेंपोत पुढं होती. ढोलाच्या गाड्यावर क्लॅरनेटची पेटी आणि कागदात गुंडाळलेला कोट.

वैशाखाचं ऊन. मारुतीपासून परण्या निघाला. मास्तरांना मी इतकं सरळ चालताना पाहिलं नव्हतं. मागं तीच रांग, तीच मोकळी जागा. नवरदेवाचे मित्र नाचत नाचत त्या जागेकडं सरकले की त्या दिवशी सगळा बँडच कोपर मारत होता. मांडवाच्या कमानीत मुलीकडची मंडळी हार घेऊन उभी होती. मी गुलाबी फेट्याचा जाडजूड माणूस शोधत होते. मास्तरही तोच शोधत असणार, कारण त्यांची नजर एका ढेरपोट्या मामावर जाऊन थांबली आणि तिथून परत आली.

क्लॅरनेटवाला त्या मामाच्या शेजारी होता. वाळलेला. गालफडं बसलेली, फेटाच तेवढा मोठा. मी त्याला कधी पाहिलं नव्हतं, तरी मास्तरांच्या ट्रंपेटमधून सूर तुटला तेव्हा मला कळलं, हाच.

बँड कमानीपाशी थांबला. ढोल तेवढा हळू चालू होता. मास्तरांनी गाड्यावरून पुडकं घेतलं, कागद फाडला आणि कोट पुढं धरला. क्लॅरनेटवाल्यानं हातातला हार बायकोकडं दिला आणि कोट अंगात घातला.

त्याच्यासारखे दोघं मावले असते. बाह्या बोटांच्या खाली, कुशीच्या भडक पट्ट्या लोंबताहेत. पोरीबाळी खुदकन हसल्या. कुणी म्हातारा ओरडला, "आरं, नवरीचा बाप बँडमधी उभा ऱ्हातो व्हय? काय रीत हाय का न्हाई?" दोघांनी तिकडं लक्ष दिलं नाही.

"तू वाळला बे," मास्तर म्हणाले.

"शुगर हाय. लई दिवस झाले."

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"तू इचारलं व्हतं का?"

मास्तरांचा चेहरा मी पाहिला आणि दुसरीकडं पाहिलं. भाभी शेजारी उघड रडत होत्या. इतकी वर्षं मास्तरांनी त्याच्या पोटाचा हिशेब ठेवला, शिवणी उसवल्या, पट्ट्या लावल्या, आणि तो इकडं दरवर्षी कमी होत गेला. "चुकलं माजं," मास्तर म्हणाले. "लई चुकलं." हे मापाबद्दल नव्हतं. समोरच्यालाही ते कळलं, कारण तो म्हणाला, "मेंढरं बी हाकली म्या मधी. डीजे इकल्यावर. वाईट काम न्हाई त्ये."

मास्तरांनी पेटी उघडली. क्लॅरनेट लखलखत होतं, दरवर्षी पुसलेलं. त्यानं बाह्या वर सारल्या, वाद्य घेतलं आणि दुसऱ्या रांगेत डावीकडून दुसरा जाऊन उभा राहिला. परण्या मांडवात शिरला. त्यातलं त्यानं किती वाजवलं आणि किती नुसतं ओठाला धरलं, सांगता येणार नाही. दात गेले होते, दम पुरत नव्हता. पण रांग भरलेली होती, आणि ड्रोनवाला वरून काय बघत होता देव जाणे.

त्या दोघांचा अबोला सुटला. माझा जावेशी अबोला मात्र अजून आहे. सगळंच काही दुसऱ्याकडून शिकता येत नाही.

कोटाच्या पट्ट्या त्यानंतर निघाल्या. टेलरला अखेर मापाला माणूस मिळाला, तेव्हा त्यानं स्वतःच्या पैशानं चहा मागवला, बिनसाखरेचा. क्लॅरनेटवाला रोज येत नाही, जमेल तेव्हा एसटीनं येतो, एखादं गाणं वाजवतो, बाकी वेळ जागेवर चालतो.

यंदा ट्रॅक्टर परतले आणि नेहमीप्रमाणं हॉलमधे चटया पसरल्या. या वेळी तोही होता, पहिल्यांदाच. भिंतीला टेकून बसला होता, सुशीला नको म्हणून पथ्याची भाकरी खात. मीही जाऊन बसले. मास्तरांनी तबकडी लावली आणि रिमोट न उचलता खुर्चीवर बसले. प्लेअर सरळ चालू झाला. काळी-पांढरी पोरं.

बँडची माणसं एकमेकांकडं बघू लागली. ताशेवाला म्हणाला, "मास्तर, उलटं लागलं." मास्तर म्हणाले, "राहू दे."

पोरं मोठी होत गेली. मिशा आल्या. पाव्हणा हसत होता, मुका त्याच्याकडं बघत होता. गाणी पुढं गेली, आणि एका गाण्यात पाव्हणा नव्हता. बाकीच्यांनाही आता कळलं असावं, पाव्हणा येत नव्हता, गेला होता.

क्लॅरनेटवाल्यानं भाकरीचा तुकडा खाली ठेवला. "ह्यो लांब केसाचा कुठं गेला बे?"

"डीजे घेतला आसंल," मास्तर म्हणाले.

सगळे क्लॅरनेटवाल्याकडं बघू लागले. मग क्लॅरनेटवाला हसायला लागला, खोकला येईपर्यंत हसला, आणि मग ढोलवाला, ताशेवाला, भाभी, मी, सगळा हॉल हसला. मास्तर हसता हसता डोळे पुसत होते, आणि पुसूनही ते कोरडे होत नव्हते.

"मग बघत काय बसला?" क्लॅरनेटवाला म्हणाला. "आण की त्याला मागं."

मास्तरांनी फडक्यातून रिमोट काढला. त्याचं तेवढं एक बटण अजून चालत होतं.